शिखराचे मोल

एखाद्या माणसाचे, संस्थेचे किंवा कलाकृतीचे मोल ठरविण्याची वेळ आली म्हणजे आपण सहसा दोन मापांपैकी एक हाती घेतो. कोणी सर्वोत्तम क्षणावरून जोखतो, तर कोणी सर्वांत हीन क्षणावरून. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, ज्या गळ्यातून एकदा तरी निर्दोष सूर निघाला त्याची योग्यता त्या एका सुराने सिद्ध झाली. इतर दिवशी तो गळा बसलेला असला तरी त्या सिद्धीला बाध येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, खाजनाचा बांध मैलभर मजबूत असला तरी खारे पाणी आत शिरते ते एका भगदाडातूनच; शेत नासल्यावर उरलेल्या मजबुतीचे कौतुक शेतकऱ्याने काय म्हणून करावे? दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु शिखर वेगळे आणि दरी वेगळी, त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही, असे दोघेही गृहीत धरून चालतात. वास्तविक पुष्कळदा त्या दोहोंमध्ये देण्याघेण्याचा व्यवहार असतो. उंची गाठण्यासाठी काढलेले कर्ज दुसऱ्या कोठल्या तरी सखल जागी फेडले जात असते. ते कोणी काढले आणि कोणी फेडले, हा प्रश्न विचारल्यावाचून केलेले मूल्यमापन अपुरे होय, असे आमचे मत आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी आम्ही एक उदाहरण घेतो. ते दूरदेशीचे आहे, आणि आमच्या काही ज्येष्ठ वाचकांना या पृष्ठांत ते चमत्कारिकही वाटेल. अमेरिकेत १९८७ ते १९९४ या काळात 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या नावाची विज्ञानकथांची एक दूरचित्रवाणी मालिका चालली. सात पर्वांत तिचे १७८ भाग झाले. चोविसाव्या शतकातील 'एंटरप्राइझ' नावाचे अवकाशयान, त्याचा कप्तान पिकार्ड, प्रथम अधिकारी रायकर, आणि माणसासारखा दिसणारा, बोलणारा, परंतु माणसाने घडविलेला 'डेटा' हा यंत्रमानव, ही तिच्या मुख्य पात्रांपैकी तीन. आम्हांस बोलावयाचे आहे ते तिच्या दुसऱ्या पर्वाविषयी. हे पर्व नोव्हेंबर १९८८ ते जुलै १९८९ या काळात दाखविले गेले. मालिकेचे जाणते प्रेक्षक ज्या भागांना आजही सर्वोत्कृष्टांत गणतात त्यांपैकी एक या पर्वात आहे, आणि ज्या भागाला ते अगदी टाकाऊ ठरवितात तोही याच पर्वात आहे. दोहोंमध्ये जेमतेम पाच महिन्यांचे अंतर आहे.

मालिकेचा धर्म कादंबरीहून निराळा असतो. कादंबरीकार आपले हस्तलिखित मनासारखे होईपर्यंत पेटीत ठेवू शकतो. मालिकेला ती मुभा नाही. ठरलेला दिवस उजाडला की भाग तयार असलाच पाहिजे. मग पैसा संपलेला असो, वेळ अपुरा असो, की कल्पना आटलेली असो. या दृष्टीने मालिका काव्यापेक्षा नित्यकर्माच्या अधिक जवळची आहे. आज मन लागत नाही म्हणून काकडआरती करणाऱ्याला पहाट पुढे ढकलता येत नाही. अशा मालिकेचे चढउतार पाहणे म्हणजे कर्तव्याने बांधलेल्या कोणत्याही जीवनाचे चढउतार पाहणे होय. म्हणूनच तिचा विचार येथे अप्रस्तुत होणार नाही.

या पर्वाचा आरंभच अडचणीत झाला. ७ मार्च १९८८ रोजी अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांच्या संघाने संप पुकारला आणि तो ऑगस्टपर्यंत, म्हणजे पाच महिने चालला. एकदा लिहिलेले भाग पुनःपुन्हा दाखविले जातात, परदेशी विकले जातात. त्या उत्पन्नात लेखकाचा वाटा किती, हा वादाचा एक प्रमुख मुद्दा होता. संपामुळे पर्व उशिरा सुरू झाले, आणि पहिल्या पर्वातील २६ भागांच्या जागी २२ भागांवर भागवावे लागले. 'द चाइल्ड' हा पहिलाच भाग, सत्तरच्या दशकात योजलेल्या परंतु कधीच न निघालेल्या एका मालिकेच्या जुन्या संहितेची डागडुजी करून उभा केलेला होता. यानावरील समुपदेशिकेच्या उदरी तिच्या संमतीवाचून एक परका जीव गर्भरूपाने येतो, आणि कथा त्या स्त्रीच्या मनात खोल न शिरता घटनेच्या नवलाईतच रमते. पुढे 'द आउट्रेजस ओकोना' या भागात डेटा विनोद म्हणजे काय हे शिकू पाहतो. दुर्दैवाने भागालाही ते फारसे साधलेले नाही. तथापि पहिल्या दुबळ्या भागातही एक क्षण लक्षात राहण्याजोगा आहे. नवी डॉक्टर पुलास्की डेटाचे नाव चुकीचे उच्चारते, आणि त्याने दुरुस्ती सुचविताच त्यात फरक तो काय, असे विचारते. तो शांतपणे सांगतो की, एक माझे नाव आहे आणि दुसरे नाही. ज्याला आपण वस्तू समजतो त्याला नाव असते आणि त्या नावाची चाड असते, हे बीज तेथे पडले.

ते बीज फेब्रुवारी १९८९ मध्ये आलेल्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या नवव्या भागात फळाला आले. नावाचा अर्थच 'माणसाचे माप'. तो लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास यांनी पूर्वी वकिली केली होती, आणि कथेची मांडणीही न्यायालयीन सुनावणीची आहे. मॅडॉक्स नावाचा एक संशोधक डेटाला उकलून त्याच्या मेंदूची रचना अभ्यासू इच्छितो, म्हणजे तसे पुष्कळ यंत्रमानव बनविता येतील. डेटा नकार देतो. घटनांची नोंद राहील, परंतु अनुभवाचा जो रस आहे तो या उलथापालथीत हरवेल, अशी त्याची भीती आहे. नकार टिकत नाही असे दिसताच तो नोकरीचा राजीनामा देतो. त्यावर मॅडॉक्सचे उत्तर असे की, राजीनामा माणूस देतो. हे यंत्र तर दलाच्या मालकीची वस्तू आहे. यानावरील संगणकाने उद्या दुरुस्तीस नकार दिला, तर तो कोणी मानील काय?

न्यायाधिकारी फिलिपा लुव्हॉ प्रथम मालकीच्या बाजूने कौल देते आणि पिकार्ड त्याला आव्हान देतो. परंतु तळ नुकताच उघडलेला असल्यामुळे तिच्या हाताखाली वकील नाहीत. म्हणून बचाव कप्तानाने करावयाचा आणि विरुद्ध बाजू त्याच्या प्रथम अधिकाऱ्याने, म्हणजे डेटाचा मित्र असलेल्या रायकरने मांडावयाची, असा नियम लागू होतो. रायकर साफ नाही म्हणतो. तेव्हा त्याला बजावण्यात येते की, तू बाजू मांडली नाहीस, किंवा मन लावून मांडली नाहीस, तर सुनावणीच होणार नाही आणि पहिला कौल कायम राहील. रायकर मग ते काम करतो, आणि उत्तम करतो. भर न्यायालयात तो डेटाचा हात काढून दाखवितो, आणि अखेरीस त्याच्या पाठीवरील कळ दाबून त्याला बाहुल्यासारखा निश्चेष्ट पाडतो. काम आटोपून जागेवर बसताना रायकरचा चेहरा अपराध्यासारखा झालेला असतो.

पिकार्ड हताश होऊन गायनन या यानावरील वडीलधाऱ्या सखीकडे जातो. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आहे, आणि या प्रसंगी ते विसरता येत नाही. ती एवढेच सुचविते की, कोणत्याही जगात काही जीव असे ठेवलेले असतात की, घाणेरडी, अवघड, धोक्याची कामे त्यांनी करावीत आणि त्यांच्या सुखदुःखाचा हिशेब कोणी ठेवू नये. पिकार्डला उमगते की प्रश्न एका डेटाचा नसून उद्या बनविल्या जाणाऱ्या हजारो डेटांचा आहे, आणि त्याचे खरे नाव गुलामगिरी हे आहे. १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात, तो नागरिक नसल्यामुळे त्याला त्या न्यायालयात दाद मागण्याचाच अधिकार नाही, असे ठरविले होते. तो इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सुनावणीतील प्रत्येक वाक्य निराळे ऐकू येते.

लुव्हॉचा अंतिम निकाल आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. डेटाला आत्मा आहे की नाही हे तिला ठाऊक नाही. तिला स्वतःला तो आहे की नाही हेही तिला सांगता येत नाही. परंतु तो शोध स्वतः घेण्याचे स्वातंत्र्य डेटाला असले पाहिजे, असे ती ठरविते. आत्म्याविषयी वाद करण्याची आपली परंपरा हजारो वर्षांची आहे. त्या परंपरेतील द्वैत, अद्वैत, विशिष्टाद्वैत या मतांपैकी कोणतेही एक ही बाई स्वीकारीत नाही. ती केवळ जिज्ञासूचा अधिकार मान्य करिते. आपल्याकडे त्या शोधाचे दरवाजे अधिकारभेदाच्या नावाखाली किती जणांना कित्येक शतके बंद राहिले, आणि गर्भगृहाच्या उंबरठ्याबाहेर कोणाकोणाला थांबविले गेले, हे स्मरले म्हणजे या काल्पनिक निकालापुढे आपली विद्वत्ता थोडी संकोचते.

कथेचा शेवट तर याहूनही हृद्य आहे. डेटा सुटल्याच्या आनंदात मेजवानी ठेवलेली आहे. रायकर तिला येत नाही. डेटा स्वतः त्याच्याकडे जातो. मी तुझा घात करू पाहत होतो, असे रायकर म्हणतो. डेटाचे उत्तर असे की, तू नकार दिला असतास तर माझ्याविरुद्ध परस्पर निकाल झाला असता. तू मला वाचविण्यासाठी स्वतःला दुखविलेस, आणि हे मी विसरणार नाही. त्या दिवसाचा सर्वांत उंच क्षण पिकार्डच्या भाषणाचा होता, असे कोणालाही वाटेल. पण ते भाषण होऊ शकले ते रायकरने त्या दिवसाचे सर्वांत हीन काम पत्करले म्हणून. शिखर पिकार्डच्या नावे लागले आणि दरीत रायकर उतरला. त्याचे हे देणे ओळखणारा एकटा डेटा होता, ज्याला भावना नाहीत असे सर्व जण मानीत होते.

हा धागा हाती धरून पर्वाच्या उत्तरार्धाकडे वळावे. मे १९८९ मध्ये 'क्यू हू' हा दुसरा उत्तम भाग आला. क्यू नावाचा एक उच्छृंखल सर्वशक्तिमान जीव यानाला सात हजार प्रकाशवर्षे दूर भिरकावून देतो, आणि तेथे 'बोर्ग' या निर्विकार, समूहबद्ध शत्रूशी गाठ पडते. यानाचा एक भाग कापून नेला जातो, अठरा माणसे मरतात. एरवी आत्मविश्वासाने बोलणाऱ्या पिकार्डला अखेर, आम्हांला तुझी गरज आहे, असे क्यूपुढे कबूल करावे लागते. गर्वहरणाची अशी कथा आपल्या पुराणांना अपरिचित नाही. परंतु ती सांगण्यासाठी या मंडळींना नवी दृश्ये, नवी यंत्रसज्जा आणि पुष्कळ पैसा लागला. त्यापूर्वी डिसेंबरमध्ये, शेरलॉक होम्सच्या लंडनचा देखावा उभारणाऱ्या 'एलिमेंटरी, डिअर डेटा' या भागावरही असाच वारेमाप खर्च झाला होता.

आणि मग १७ जुलै १९८९ रोजी पर्वाचा शेवटचा भाग आला, 'शेड्स ऑफ ग्रे'. एका ग्रहावर रायकरच्या पायात काटा बोचतो, सूक्ष्म जंतू त्याच्या मज्जासंस्थेत शिरतात, आणि तो बेशुद्ध पडतो. त्याला जगविण्यासाठी डॉक्टर त्याच्या आठवणी चाळवीत राहते. या आठवणी म्हणजे आधी दाखविलेल्या भागांतील तुकडे. नवी कथा अशी जवळजवळ नाहीच. एरवी एका भागाच्या चित्रणास सात-आठ दिवस लागत. हा तीन दिवसांत उरकला. त्याचे दिग्दर्शक रॉब बोमन यांनी पुढे त्याचे कारण उघड केले. आधीच्या दोन खर्चिक भागांसाठी निर्मितिसंस्थेने जादा पैसा दिला होता. आता तीन दिवसांत एक भाग करून त्याची भरपाई करा, असे तिचे म्हणणे होते. ते दोन खर्चिक भाग 'एलिमेंटरी, डिअर डेटा' आणि 'क्यू हू' हेच, आणि त्यांचे दिग्दर्शकही बोमनच होते.

येथे आमच्या मूळ प्रश्नाला हात घालता येतो. 'शेड्स ऑफ ग्रे' वाईट आहे, हे कारण कळल्याने बदलत नाही. आचाऱ्याने घरी सुतक होते म्हणून सांगितल्याने करपलेला भात गोड लागत नाही. परंतु दोष कोणाच्या खात्यावर मांडावा, हे मात्र कारण कळल्यावर बदलते. हा भाग आळसाने पडलेला नाही. जे शिखर प्रेक्षकांनी दोन महिन्यांपूर्वी मनमुराद पाहिले त्याचे ते देणे होते. ज्याने खर्च केला त्यानेच ते आपल्या नावाची नामुष्की पत्करून फेडले, आणि ज्यांनी उपभोग घेतला त्यांनीच त्याची झळ सोसली. उपभोग एकाचा आणि झळ दुसऱ्याला, असे तेथे झाले नाही. म्हणून तो पडता भाग कंटाळवाणा असला तरी अन्यायाचा नाही, असे आम्ही म्हणू.

यातून एक सोयीस्कर निष्कर्ष कोणी काढू नये. प्रत्येक पडझडीमागे कोठे तरी एक शिखर असतेच, असे नाही. याच पर्वातील काही भाग कोणाचेही कर्ज न फेडता पडलेले आहेत. आणि प्रत्येक शिखराला कर्ज लागतेच, असेही नाही. 'द मेझर ऑफ अ मॅन'मध्ये युद्ध नाही, अद्भुत ग्रह नाहीत. एक दालन, चार-सहा माणसे आणि एक प्रश्न, एवढ्यावर तो उभा आहे. त्याची उंची विचाराची असल्यामुळे ती कोणाच्या ताटातून काढून घ्यावी लागली नाही. अर्थात, लेखणीच्या श्रमावाचून ती उभी राहिली नसती, आणि त्याच श्रमाच्या दामासाठी लेखकांना आदल्या वर्षी पाच महिने घरी बसावे लागले होते, हेही येथे विसरता कामा नये.

या पर्वात अखेरच्या भागाच्या अगदी आदल्या आठवड्यात 'पीक परफॉर्मन्स' हा भाग आला होता. त्यात डेटा कोलरामी नावाच्या एका नामांकित डावपेचतज्ज्ञाकडून एका खेळात हरतो. यंत्र हरले म्हणजे यंत्रात बिघाड आहे, असा तर्क करून तो स्वतःच कामावरून दूर होतो. पिकार्ड त्याला समजावतो की, एकही चूक न करता माणूस हरू शकतो; हे जीवनाचेच स्वरूप आहे. डेटा कामावर परततो आणि पुढे पुन्हा खेळतो, पण जिंकण्यासाठी नव्हे. जिंकण्याच्या संधी येतात, त्या तो सोडून देतो आणि केवळ बरोबरी राखीत राहतो. शेवटी प्रतिस्पर्धीच चिडून डाव टाकतो. जयापजयी समत्व ठेवावे हे आपण गीतापठणात नित्य म्हणतो. येथे ते एका यंत्राने, कोणताही आव न आणता, आचरून दाखविले. आणि पुढच्याच आठवड्यात ती मालिका स्वतः हरली. मात्र ती कामावरून दूर झाली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिसरे पर्व सुरू झाले, त्याच्या अखेरीस जून १९९० मध्ये बोर्ग परत आले, आणि मालिकेने पुन्हा नवी उंची गाठली. १७ जुलैच्या रात्री तिचे मोल कायमचे ठरवून टाकणारा प्रेक्षक या सगळ्याला मुकला असता.

आता हे माप आपल्या घराकडे वळवावे, कारण दुसऱ्याच्या मालिकेवर न्याय देणे सोपे असते. आपल्या देवस्थानांतही शिखरे आहेत आणि सखल दिवस आहेत. नवरात्रात मखर सजते, कीर्तन रंगते, जत्रेला पालखी निघते, रात्री नाटक होते, आणि दूरदूरचे कुळावी व महाजन येऊन देवाच्या वैभवाने तृप्त होऊन जातात. हे शिखर खरे आहे. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु आषाढातल्या एखाद्या ओल्या संध्याकाळी त्याच देवळात चारच माणसे असतात, समई मिणमिणते, आणि आरती घाईने उरकली जाते. एखादा पाहुणा ते पाहून देवस्थानाला उतरती कळा लागली असे म्हणतो. त्याला आमचे सांगणे असे की, त्या संध्याकाळच्या आधी देवस्थानाची कीर्दवही उघडून पाहावी. उत्सवाची रोषणाई वाढली तेव्हा समईच्या तेलाचा खर्च कोठून काढला? बाहेरून नामांकित गायक आला तेव्हा बारा महिने चौघडा वाजविणाऱ्याचे मानधन किती वर्षे तेवढेच राहिले? पहाटे अंगण झाडणारीला जत्रेच्या वैभवातला कोणता वाटा मिळाला?

उत्सवासाठी महाजनांनी स्वतःच्या कनवटीचे दिले आणि मग वर्षभर सर्वांनीच थोडी काटकसर सोसली, तर त्या सखल दिवसांत लाज वाटण्याजोगे काही नाही. ते बोमनच्या तीन दिवसांसारखे प्रामाणिक देणे होय. परंतु ज्यांनी उत्सव मागितला नाही, ज्यांना त्यात बसावयास जागाही नव्हती, त्यांच्या पोटाला चिमटा घेऊन जर शिखर उभारले असेल, तर गायननने पिकार्डला जे सुचविले तेच आम्हांस येथे सुचवावेसे वाटते. अशा वेळी शिखर कितीही सुंदर असले तरी त्याच्या मोलातून ते देणे वजा करावे लागेल. आणि उंचीच्या लोभाने दरी कोणाच्या अंगणात गेली हे न पाहणारा समाज, स्वतःला भक्त म्हणवीत असला तरी, मॅडॉक्सच्याच पंक्तीत बसतो.

'शेड्स ऑफ ग्रे' या टाकलेल्या भागातही एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती बहुधा करणाऱ्यांच्याही फारशी ध्यानात आली नसावी. रायकरच्या अंगातील जंतू त्याच्या सुखद आठवणींवर पोसतात. दुःखाच्या, संकटाच्या आठवणी जागविल्या तेव्हाच ते मागे हटतात आणि तो वाचतो. केवळ आपल्या शिखरांचीच आठवण काढीत राहणाऱ्या संस्थेला हेच दुखणे जडते. ज्या समितीच्या वार्षिक अहवालात उत्सवांची छायाचित्रे असतात आणि थकलेल्या देण्यांची यादी नसते, तिने हा फसलेला भाग एकदा अवश्य पाहावा. देवस्थानाच्या पुढील सभेत ती यादी आधी वाचली जावी, आणि मगच येत्या उत्सवाचा विचार व्हावा, एवढी आमची विनंती आहे.